बंधुसभेतली एक सरकी

खामगावात मापारी बंधुसभेच्या हॉलमध्ये लग्न असो, शोकसभा असो की रक्तदान शिबिर, आत जायचं तर आधी दोन्ही हात दाखवावे लागत. तळवे वर, मग तळवे खाली. दाराशी एका लाकडी स्टुलावर गुलाबभाऊ बसलेले असत. ते चष्मा कपाळावर चढवून हात पाहत आणि मग म्हणत, "साफ." साफ म्हटलं की आत जायचं.

यातून नवरदेवही सुटत नसे. एकदा एका वऱ्हाडातली करवली चिडून म्हणाली, "अहो, मेंदीचे हात आहेत ते!"

"थे दिसून राह्यलं मले," गुलाबभाऊ म्हणाले. "मेंदीच्या खाली काय हाये?"

एकदा एक पुढारी भाषणाला आले. सवयीप्रमाणे गाडीतून उतरतानाच त्यांनी हात जोडले होते. गुलाबभाऊ स्टुलावरून उठले नाहीत. म्हणाले, "जोडू नका साहेब. उघडा." पुढारी हसले, मागची माणसं हसली नाहीत. शेवटी हात उघडले गेले. "साफ," गुलाबभाऊ म्हणाले, आणि माझ्या कानाशी लागून पुढे म्हणाले, "सध्या."

हातात ते काय शोधत, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटे, मला ठाऊक आहे. म्हणून मी त्या दाराशी गेलो की माझ्या तळव्यांना घाम सुटे. मी तो पॅंटला पुसून हात पुढे करी. ते नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ पाहत, किंवा मला तसं वाटे, आणि म्हणत, "साफ."

गुलाबभाऊंचा संशय माणसांपुरता नव्हता. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे जाई. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही, पण सभा सुरू झाली की त्याच्याकडे बोट करून ते बजावत, "हे घड्याळ कोनाच्या तरी बाजूनं हाये." दाराच्या बिजागऱ्यांना त्यांनी आयुष्यात तेल घालू दिलं नाही. दार उघडलं की अख्ख्या कापूस बाजाराला कळे. "न वाजता येनारा मानूस कामाचा नसते," हे त्यावर त्यांचं उत्तर. पंख्यांपैकी चौथा पंखा हळू फिरे. तो ऐकत असतो, असं त्यांचं मत होतं.

समोरचा चहावाला इस्माईल रोज दोनदा त्यांच्यासाठी चहा आणी. गुलाबभाऊ कप त्याच्याच हातात परत देत. "आधी तू घे." इस्माईल अर्धा कप पिई, गुलाबभाऊ त्याच्या चेहऱ्याकडे पाहत थांबत, आणि मग उरलेला अर्धा पीत. वर्षानुवर्षं हा क्रम चालला. इस्माईलला मधुमेह झाला तेव्हा तो मला म्हणाला, "सुधाकरभाऊ, दुनियेची शुगर मिठाईनं होते, माझी गुलाबभाऊंच्या भरोशानं झाली." पुढे तो भाऊंसाठी बिनसाखरेचा चहा आणू लागला. मग तर संशयाला सीमाच उरली नाही. "आज साखर काऊन नाही? काय लपवून राह्यला बे?"

आणि या सगळ्यावर त्यांचं एक पालुपद होतं. कोणी काहीही सांगितलं, हवा कशी आहे हे सांगितलं तरी, ते मान हलवून म्हणत, "मी म्हनत काहीच नाही. नुसता पाहून राह्यलो."

हे वाक्य ऐकून गाव हसायचं. मी बावीस वर्षं हसल्यासारखं केलं.

आता हॉलबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

पूर्वी कापूस बाजारात मोठमोठे टांगते काटे होते आणि ते धरणारे मापारी होते. शेतकऱ्याचा कापूस आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्या मधोमध मापारी उभा राही, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो नकोसा. म्हणून आमच्या पणजोबांच्या पिढीनं आपली एक बंधुसभा काढली. एकाच्या घरी लग्न तर सगळ्यांनी पंगती वाढायच्या, एकाच्या घरी मयत तर सगळ्यांनी खांदा द्यायचा. पुढे त्यांनी काळ्या दगडाचा हा हॉल बांधला. दारावर चुन्यात तराजू कोरला आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सिंह. कारागिरानं सिंह पाहिलेला नसावा. त्यानं घरची मांजर पाहून काम भागवलं आहे.

या सभेत आलेल्या माणसाच्याच नावापुढे 'भाऊ' लागे. बाजारात कोणीही कोणालाही भाऊ म्हणतं, पण गुलाबभाऊ त्या बाबतीत फार कडक. आमदार असला तरी साहेब. भाऊ व्हायचं तर मडक्यातून यावं लागतं, असं ते म्हणत.

मडक्यातून, म्हणजे असं. नवा भाऊ घ्यायचा असला की सभेत दोन मडकी ठेवत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. दोन्हींवर मिळून एक जाड पासोडी पांघरलेली. प्रत्येक सभासदाला लाल दोरा बांधलेलं एक कापसाचं पुंजकं आणि एक सरकी, म्हणजे कापसाचं काळं बी, मिळे. पासोडीखाली हात घालायचे आणि एकेका मडक्यात एकेक टाकायचं. उजवं मडकं कौलाचं, डावं फेकायचं. माणूस हवा असेल तर उजवीकडे कापूस आणि डावीकडे सरकी. नको असेल तर उलटं. सगळ्यांचं झालं की कौलाचं मडकं पांढऱ्या चादरीवर पालथं करत. नुसता कापूस पडला तर माणूस भाऊ झाला. कापसात एक सरकी जरी दिसली तरी माणूस बाहेर, कायमचा. कोणी टाकली ते विचारायचं नाही. फेकायच्या मडक्यात डोकवायचं नाही, ते झाकलेलंच न्यायचं आणि जेवणाच्या चुलीत रिकामं करायचं. कौलाचा कापूसही त्याच चुलीत.

गुलाबभाऊ सभेचे कारभारी. पुंजक्यांना लाल दोरे तेच बांधत. मतही तेच सगळ्यांच्या शेवटी देत. आणि ते डावखुरे. ही गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली नव्हती. तुम्ही घ्या.

बावीस वर्षांपूर्वी गुलाबभाऊंनी सभेपुढे एक नाव ठेवलं. श्रीराम. हा मापारी नव्हता, हमाल होता. बाजारात पोती वाहायचा. दोघं लहानपणापासूनचे जिवलग. एका ताटात जेवणारे, एकमेकांना शिव्यांनी हाक मारणारे. हमालाला भाऊ करून घ्यायचं, हे आधी कधी झालं नव्हतं. गुलाबभाऊ महिनाभर बाकीच्या वीस सभासदांच्या घरोघरी फिरले. माझ्याकडेही आले. मी तीस वर्षांचा होतो, बाबांच्या जागी नुकताच सभासद झालेला. "सुधाकरभाऊ, मानूस सोनं हाये," ते म्हणाले. मी म्हणालो, "हो ना भाऊ, प्रश्नच नाही."

ती सरकी मी टाकली.

हे वाक्य मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे. लिहून झाल्यावर उठून दाराला कडी आहे का पाहून आलो. संशय माणसाला कसा लागतो, ते यावरून ध्यानात येईल.

कारण सांगतो. माझे बाबा, वामनभाऊ, मोठे मापारी. काटा धरताना त्यांचा गुडघा कापसाच्या पारड्याखाली टेकलेला असे. थोडासाच. पारडं वर उचललं जाई, आणि शेतकऱ्याचा कापूस होता त्यापेक्षा कमी भरे. एक दिवस भर बाजारात, वीसेक गाड्यांसमोर, पाठीवर पोतं घेतलेल्या श्रीरामनं जाता जाता म्हटलं, "मालक, गुडघा काढा." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. पण लोक हसले. त्या दिवसानंतर एकही गाडी बाबांच्या काट्याशी थांबेना. सहा महिन्यांत बाबा घरी बसले, ते मरेपर्यंत गुडघ्याला तेल चोळत बसले. श्रीराम खरं बोलला होता, आणि तेच मला सहन झालं नव्हतं.

पासोडीखाली माझे हात गेले तेव्हा उजव्या मुठीत सरकी होती. ती सोडली. डाव्या मुठीतला कापूस फेकायच्या मडक्यात टाकायचा होता, पण ती मूठ उघडेना. ती तशीच मिटून मी बाहेर काढली. गुलाबभाऊ माझ्या मागे उभे होते. घाईनं पुढे झाले, हात घातले, काढले. मडकं पालथं झालं. वीस पांढरी पुंजकी, आणि त्यांच्यात ती एक काळी.

श्रीराम बाहेर पायरीवर बसला होता. नवी टोपी, मांडीवर पेढ्यांचा पुडा. गुलाबभाऊ बाहेर गेले. मी दाराच्या आत उभा होतो, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"पडली?" श्रीरामनं विचारलं.

"पडली."

मग श्रीराम हसत, अगदी थट्टेनं म्हणाला, "तू त नाही ना टाकली बे, डावऱ्या?"

गुलाबभाऊंनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, दुःखानं त्यांचा आवाज बसला. श्रीराम त्यांच्याकडे पाहत राहिला, त्याचं हसू गेलं, आणि तो पेढ्यांचा पुडा घेऊन उठून गेला. महिन्याभरात तो पिंपळगाव राजाला मुलीकडे राहायला गेला. पुन्हा बाजारात दिसला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात गुलाबभाऊंनी दाराशी स्टूल मांडलं आणि हात पाहायला सुरुवात केली.

मग माझी काय अवस्था झाली असेल! त्यांना ठाऊक आहे आणि ते मला खेळवत आहेत, याची मला खात्री होती. त्यांनी माझ्या मुलाच्या बारशाला कापसाची गादी भेट दिली. मी ती महिनाभर माळ्यावर टाकून ठेवली. भेळीच्या गाडीशी भेटले आणि म्हणाले, "सुधाकरभाऊ, दाने नीट पाहून खा." मला रात्रभर ढेकर येत राहिले. बायको म्हणायची, "तुम्ही त्या म्हाताऱ्याला एवढे काऊन भेता?" मी म्हणायचो, "कोण भेतं?" कितीदा वाटलं, जाऊन सांगून टाकावं. दारापर्यंत जायचो. बिजागरी वाजायची. आतून आवाज यायचा, "कोन? हात दाखवा." आणि मी हात दाखवून घरी यायचो.

वर्षं गेली. टांगते काटे गेले, इलेक्ट्रॉनिक काटे आले, मापारी संपले. मी एका तेलगिरणीत संगणकासमोर काट्यावर बसतो. तिथं गुडघा टेकवायला जागाच नाही. सभेचे सातजण उरले. यंदा सभेत ठरलं, की हॉल गावातल्या पोरांना अभ्यासिकेसाठी द्यावा. विरोध फक्त गुलाबभाऊंचा. "पोरं अभ्यासच करतील कशावरून?" पण सहाजण एकीकडे, त्यामुळे त्यांनी मान हलवली. "मी म्हनत काहीच नाही."

आवराआवर सुरू झाली. एका रविवारी दुपारी मी जुने फोटो उतरवायला गेलो. दार उघडंच होतं, म्हणून वाजलं नाही. स्टूल रिकामं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि थबकलो.

मधोमध सतरंजीवर गुलाबभाऊ बसले होते. समोर ती दोन मडकी, वर तीच पासोडी. शेजारी कापसाचा आणि सरक्यांचा ढीग. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात पासोडीखाली घातले आणि घाईघाईनं बाहेर काढले. मग पासोडी उचलून उजव्या मडक्यात पाहिलं. कापूस. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा हात घातले. कापूस. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. एकदा त्यांनी मडक्यात पाहिलं आणि तिथंच थांबले. दोन बोटांनी सरकी बाहेर काढून उन्हाच्या कवडशात धरली.

"हे पाह्य," ते म्हणाले. मी आलो आहे, हे त्यांना कळलं होतं. पण हात दाखवा म्हणाले नाहीत. "दहादा टाकली की एकदा चुकते. डावऱ्याचा हात हाये. घाईत डाव्या हातचं उजवीकडे जाते. त्या दिवशी लय घाई झाली होती मले, सुधाकरभाऊ. थो बाहेर बसला व्हता ना."

"भाऊ, हे काय करताय?"

"दर साली करतो, त्याच दिवशी. यंदा मडके जातील म्हनून आजच करून राह्यलो." ते सरकीकडेच पाहत होते. "थ्यानं मले इचारलं, तू त नाही ना टाकली. नाही म्हनाचं होतं. तोंडातून निघे ना. मी आपल्या हाताकडे पाह्यलं. मलेच ठाव नव्हतं. इतल्या लोकायचे हात पाह्यले मी, का बाप्पा कोनाचा तरी निघो. कोनाचा तरी, माहा नको. सगळे साफ. मंग उरला कोन?"

बावीस वर्षं मी समजत होतो, की या माणसाचा संशय माझ्यावर आहे. त्यानं माझ्यावर एक क्षणही संशय घेतला नव्हता.

"भाऊ," मी म्हणालो, "ती सरकी माझी होती."

त्यांनी मान वर केली. बराच वेळ माझं तोंड पाहिलं. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"खोटं."

"खोटं नाही भाऊ. मी टाकली. बाबांच्या गुडघ्यावरून."

"मले बरं वाटावं म्हनून म्हनून राह्यला तू. म्हाताऱ्याची कीव करून राह्यला." ते ओरडले. "कोनं पाठवलं तुले? इस्माईलनं?"

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर माझ्याकडून पुरावा मागितला जात होता. मी घरी गेलो. बाबांचा मापाऱ्याचा पितळी बिल्ला ज्या डबीत आहे ती काढली आणि परत हॉलवर आलो. डबीत बिल्ल्याखाली पिवळट पडलेलं एक कापसाचं पुंजकं होतं, लाल दोरा बांधलेलं. ते मी त्यांच्या तळहातावर ठेवलं.

गुलाबभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. दोरा नखानं उलटसुलट केला. सभेचं एकही पुंजकं चुलीतून वाचत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? हे वाचलं, म्हणजे कौलाच्या मडक्यात माझी सरकीच पडली होती. आणि ती डाव्या हाताची उलटी गाठ गावात दुसरं कोणी बांधत नाही.

"गाठ माही हाये," ते हळूच म्हणाले. "म्हनजे मी नव्हतो."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी डावा हात उजव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं तो तळवा चोळत बसले, लांबून पायी आलेल्या माणसानं पाय चोळावेत तसा. मग उठले. "उद्या सकाळच्या गाडीनं पिंपळगावले जाऊ," ते म्हणाले. "तू बी येजो, सुधाकर."

नुसतं सुधाकर. मी ऐकलं, आणि बिल्ल्याची डबी मिटून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी एसटीत ते खिडकीशी बसले. कंडक्टरनं तिकीट दिलं तेव्हा त्याच्या हाताकडे त्यांनी पाहिलंही नाही.

श्रीराम मुलीच्या घराच्या ओट्यावर सुपात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसला होता. पाठ वाकलेली, पण पोतं वाहणाऱ्याचे खांदे अजून ओळखू येत होते. गुलाबभाऊ फाटकाशीच थांबले.

"श्रीरामभाऊ!"

त्यानं वर पाहिलं. उठला नाही.

गुलाबभाऊ ओट्याजवळ गेले आणि त्याच्यासमोर दोन्ही हात धरले. तळवे वर, मग तळवे खाली. "तू इचारलं व्हतं," ते म्हणाले. "थो मी नव्हतो."

श्रीराम त्या हातांकडे पाहत राहिला. "हे सांगाले इतले वर्ष लागले बे तुले?"

"मले कालच समजलं."

"मंग कोन व्हता?"

"मी म्हनत काहीच नाही," गुलाबभाऊ म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. बाजूला सरून त्यांनी मला जागा करून दिली.

मी पुढे झालो आणि माझे हात धरले. या खेपेला घाम पुसला नाही.

"वामनमालकाचा पोरगा ना तू?"

"हो."

"गुडघ्यावरून?"

"हो."

आतून कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. श्रीरामनं सुपातून शेंगांची एक मूठ उचलून गुलाबभाऊंच्या तळव्यांवर ओतली. मग दुसरी उचलली, हातातल्या हातात क्षणभर तोलली, आणि माझ्या ओंजळीत टाकली.

गुलाबभाऊंनी 'आधी तू घे' म्हटलं नाही. ते ओट्यावर श्रीरामच्या शेजारी टेकले, डाव्या हातानं शेंग फोडली आणि सगळ्यांच्या आधी दाणे तोंडात टाकले.

मी मापाऱ्याचा मुलगा. दोन ओंजळी समोर असल्या, की कोणती जड ते नजरेला आपोआप कळतं. त्या दिवशी मी त्यांच्या ओंजळीकडे पाहिलं नाही. मी माझी ओंजळ धरून तसाच उभा राहिलो.